मोहाचा कानोसा

शर्वरी वासनिकने झाडांची तहान ऐकायचं यंत्र आणलं, तेव्हा ते सांभाळायला ग्रामसभेने माझं नाव सुचवलं. मी हुशार आहे म्हणून नव्हे. या कामात तासन्‌तास तोंड मिटून बसावं लागतं असं शर्वरी म्हणाली, आणि माझं तोंड मिटेल असं एखादं काम गावाला हवंच होतं. सगळ्यांनी हसत हसत 'मंजूर' म्हटलं. माझे सासरे तर सगळ्यांत आधी म्हणाले.

माझं नाव डिंपल दिघोरे. आमच्या झाडीपट्टीत एके काळी पोरींना अशी नावं ठेवायची साथच आली होती. आता त्या सगळ्या डिंपल, पिंकी आणि स्वीटी चाळिशीच्या झाल्या आहेत, धान रोवतात आणि पोरांवर खेकसतात. माझा नवरा हैदराबादला लिफ्टा दुरुस्त करतो आणि तिथून फोनवर मला संसार शिकवतो. घरात मी आणि सासरे, टेकचंद दिघोरे. मी त्यांना मामाजी म्हणते. आम्ही जातीने ढिवर. हिरडीटोल्याच्या तलावातली मासेमारी आमच्या लोकांकडे, आणि तलावाच्या वरचं जंगल सगळ्या गावाचं. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच गावाला त्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला होता. राखण, गस्त, वणवा विझवणं, बांबू कधी तोडायचा आणि कधी नाही, सगळं ग्रामसभा ठरवते.

आमच्या ग्रामसभेत हात वर करून मतं मोजत नाहीत. प्रत्येक घराने तोंडाने 'मंजूर' म्हणायचं. एक घर जरी गप्प बसलं तरी ठराव पुढे सरकत नाही. बाहेरच्यांना हा वेडेपणा वाटतो, आणि बांबूच्या एका ठरावात आम्ही अख्खा उन्हाळा घालवला होता हेही खरं आहे. पण एकदा ठरलं की मोडायला कोणी धजत नाही, कारण मोडणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने हो म्हटलेलं असतं.

जंगल सगळ्यांचं असलं तरी मोहाची झाडं मात्र घरवार वाटलेली. कुठला मोह कोणाचा, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. फुलं पडायच्या दिवसांत दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. नाल्याच्या काठचे जुने, दांडगे अकरा मोह मडावींचे, कारण मडावी गोंड आणि गाव त्यांनीच वसवलेलं. ढिवर मागून आले, त्यांना वरच्या मुरमाड उतारावरची झाडं मिळाली. आमचे तिथे पाच. उतार आणि नाला यांच्या मधोमध आणखी एक मोह आहे. तो आमचा की मडावींचा यावरून मामाजी आणि चैतराम मडावी यांचं माझ्या लग्नाच्या वर्षी कडाक्याचं भांडण झालं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत आणि त्या झाडाखालची फुलं दोघंही उचलत नाहीत. अस्वलं मात्र दोन्ही घराण्यांना दुवा देत असतील.

त्या वर्षी ओळीने दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. एप्रिलमध्ये पारा एकोणपन्नासावर जाऊन बसला आणि रात्रीही धड उतरेना. मोहाला नेहमीच्या निम्मीही फुलं आली नाहीत. फुलांमागून तांबूस पालवी फुटली तेव्हा आम्हाला हायसं वाटलं, पण शर्वरीचा चेहरा पडला.

"पालवी म्हणजे तहान, ताई," ती म्हणाली. "पानं नव्हती तोवर झाड झोपून होतं. आता जागं झालंय आणि खाली पाणी नाही."

ती नागपूरच्या एका संशोधन संस्थेत होती, मूळची साकोलीकडची. यंत्राला ती इंग्रजीत काहीतरी लांबलचक म्हणायची. गावाने त्याचं नाव 'कानोसा' ठेवलं. तळहाताएवढी डबी, पट्ट्याने खोडाला बांधायची. डब्या मोजक्याच होत्या, म्हणून आज या झाडाला, उद्या त्या झाडाला अशा मी फिरवायचे.

झाड पाणी कसं पितं ते तिने मला पहिल्याच दिवशी समजावलं. खोडात केसाहून बारीक नळ्या असतात. मुळापासून पानापर्यंत त्यांत पाण्याची सलग दोरी ताणलेली असते. पानांतून वाफ गेली की वरून ओढ बसते आणि दोरी वर सरकते. जमीन ओली असेल तोवर सगळं ठीक. जमीन सुकली की खालचा पुरवठा आटतो, वरची ओढ तशीच राहते, दोरी ताणत जाते आणि एका क्षणी तुटते. तुटते तिथे हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी बंद पडते. तुटताना कट् असा आवाज होतो, पण तो माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. शास्त्रज्ञांना हे आवाज फार पूर्वीपासून ठाऊक होते. कानोशाची करामत अशी की तो आवाज मोजून झाडाच्या किती नळ्या मेल्या आणि किती जिवंत आहेत ते सांगायचा. निम्म्याच्या थोडं पुढे जाईपर्यंत झाड पाणी मिळाल्यावर सावरतं. त्याच्या पलीकडे गेलं, की अख्खा तलाव मुळाशी ओतला तरी पाणी वर चढायला वाट उरलेली नसते. असं झाड आणखी काही आठवडे हिरवं दिसतं, पण ते गेलेलं असतं.

डबीजवळ फोन नेला की तो आवाज माणसाला ऐकू येईल असा करून वाजायचा, कोणाच्याही फोनवर. झाडाचा रंग मात्र माझ्याच फोनवर दिसायचा. हिरवा म्हणजे बरं, पिवळा म्हणजे काठावर, तांबडा म्हणजे संपलं. तो मी गावाला सांगायचे.

तलावात माशांच्या बियाण्यापुरतं आणि गुरांपुरतं राखून थोडं पाणी उरत होतं. सौर पंपाने ते पाइपातून जंगलात चढवायचं ठरलं. वाटायचं कसं, हा प्रश्नच कोणाला पडला नाही. आमच्याकडे जाळं ओढलं की मासोळीचे सारखे वाटे पडतात. ज्याचं जाळं रिकामं आलं त्यालाही वाटा, जी विधवा घरीच बसली आहे तिलाही वाटा. तसेच पाण्याचे वाटे पडले. दर पाळीला दर घराला सारखे ड्रम, आणि ते ज्याने त्याने आपल्या झाडांना घालायचे. एका बैठकीत ठराव मंजूर झाला. इतक्या झटपट आमच्याकडे काहीच ठरत नाही, त्यामुळे आम्हाला स्वतःचा फार अभिमान वाटला.

मग गावाचं डोकं फिरायला लागलं. आधी जंगल सुकायचं तेव्हा ते सगळ्यांचं सुकायचं. आता ज्याला त्याला आपापल्या झाडाची कटकट ऐकू येऊ लागली. हापशीवर बाया एकमेकींना विचारायच्या, "तुह्यावाला किती कटकट करते व?" कोणाचा हिरवा निघाला की बाकीच्यांची तोंडं एवढीशी व्हायची. दोन जावा ड्रमवरून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बेतात आल्या. एका पहाटे पाइपाचं तोंड कोणीतरी दुसरीकडे फिरवून ठेवलं. गस्तीला जाणारे लोक आपल्याच झाडांपाशी घुटमळू लागले, तेही ऐन वणव्याच्या दिवसांत. हे मला सगळ्यांत जास्त लागलं. चांगल्या कामासाठी आणलेल्या डबीने गावाचे तुकडे पाडले होते, आणि डबी माझ्या हातात होती.

मामाजी ऊन उतरलं की उतारावर जायचे आणि फोन कानाला लावून बसायचे. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा. तव्यावर तीळ तडतडावेत तसा तो लांबूनही कळायचा.

"पोट्टा भुकेनं रडते तं त्याच्या तोंडात काई तरी घालता येते," ते एकदा म्हणाले. "हे नुसतं ऐकत बसाव लागते."

पंधरवड्याने शर्वरी पुन्हा आली. पंपाच्या छपराखाली बसून तिने सगळे आकडे पाहिले आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"वाटे चुकलेत, ताई."

"वाटे कसे चुकतील? एक ड्रम इकडचा तिकडे नाही झाला."

"तेच तर. प्रत्येक झाडाला एकेक घोट मिळालाय. एका घोटाने एकही सावरत नाही. सगळी झाडं सारखी मरतायत."

मग तिने मला नाल्याकाठच्या मडावींच्या मोहांचे रात्रीचे आकडे दाखवले. दिवसा झाड पाणी वर ओढतं, रात्री पानांची तोंडं मिटतात आणि ओढ थांबते. पण या म्हाताऱ्या मोहांची मुळं फार खोल गेलेली आहेत. तिथल्या ओलीतून पाणी रात्रभर वर येत राहतं आणि वरच्या कोरड्या मातीत पसरलेल्या मुळांतून बाहेर झिरपतं. आजूबाजूचे तेंदू, चारोळी, येन, सगळे तेच पाणी पितात. झाडं असं करतात हे विज्ञानाला माहीत होतं. कोणतं झाड करतं, हे उभ्या जंगलात ओळखणं कानोशामुळे पहिल्यांदा सोपं झालं होतं.

"म्हणजे हे पाणके आहेत," मी म्हटलं.

"पाणकेच. पण त्यांच्याही निम्म्या नळ्या तुटल्यात. ते पडले की त्यांच्या जिवावर जगणारं सगळं पडेल. उरलेलं पाणी फक्त त्यांना दिलं तर ते तग धरतील, आणि आपण घालू त्याच्या कितीतरी पट पाणी खालून वर आणतील. नाल्यापासून पार त्या भांडणाच्या मोहापर्यंतचं जंगल वाचेल."

"आणि उतार?"

माझ्याच फोनवर दिसत होतं ते. उतारावर खाली नुसता मुरूम, तिथे मुळं खोल जातच नाहीत. ढिवरांची जवळजवळ सगळी झाडं तांबडी झाली होती. आमचे पाचही. त्यातला एक आदल्या दिवशीपर्यंत पिवळा होता.

घरी आले तेव्हा मामाजी ओसरीत जाळं सांधत होते. मी पाणी प्यायले आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"एक तं पिवळा होता," ते म्हणाले.

"काल होता, मामाजी."

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. "डिंपल, मी तुले आजवर काई मांगतलो काय?"

"नाही."

"मंग सभेत सांग, का दिघोऱ्याचा एक पिवळा हाये. एकाच झाडापुरतं पानी भेटन. तेवढ्या पान्यानं मडाव्याचं रान काई मरत नाही."

त्यांनी खरंच कधी काही मागितलं नव्हतं. नवरा हैदराबादला गेला तेव्हा मी तरुण होते आणि गावात नवखी. आमच्यात बायका फेकजाळं टाकत नाहीत. मामाजींनी मला ते तलावात उभं राहून शिकवलं, आणि हसणाऱ्यांना सांगितलं की माझ्या घरचा वाटा माझी सून कमावणार आहे. माझ्या बापानेही माझ्यासाठी एवढं केलं नव्हतं. आणि एका झाडाचं पाणी फार नव्हतं, मी मनात गणित मांडून पाहिलं. पण असं एकच झाड मागणारी घरं गावात किती आहेत, हे मला त्या पंधरवड्यात नीट कळलं होतं. माझ्या तोंडून एक खोटा रंग निघाला असता तर उद्या कोणी कुठल्याच रंगावर विश्वास ठेवला नसता. हे सगळं मला त्यांना सांगायचं होतं, पण मला नेमकं तेव्हाच बोलता आलं नाही. मी भाकरी थापायला बसले आणि धूर झाल्याचं निमित्त करून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समाजमंदिरात सभा भरली. अध्यक्ष रायवंताबाई कुमरे. शर्वरीने सगळं समजावून सांगितलं आणि मग रंग सांगायला मला उभं केलं. मी आमच्यापासूनच सुरुवात केली, नंतर धीर झाला नसता.

"टेकचंद दिघोरे. पाच झाडं. पाचही गेलेली."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. एखादी अनोळखी बाई रस्ता विचारायला यावी आणि तिच्याकडे पाहावं, तसं त्यांनी पाहिलं. मला त्या क्षणी उठून माहेरी जावंसं वाटलं. तरी मी शेवटच्या घरापर्यंत रंग सांगितले, कारण ते काम मी पत्करलं होतं.

चैतराम मडावी भिंतीला टेकून बसले होते. "माह्या झाडाले पानी देता, तं मी नाही कायले म्हनू? मंजूर."

उताराकडची मंडळी उसळली. "आमी मंजूर म्हनाव, आमचे मोह मरू द्याव, आन् फुलं वेचाव यानं?" एक जण म्हणाला, आणि त्याचं चुकत नव्हतं. शर्वरी पुन्हा पाणक्यांबद्दल सांगू लागली. पण विज्ञान सगळ्यांना कळलं होतं. न्याय कळत नव्हता.

मला राहवलं नाही. "पान्याचे वाटे पाडून पायलो आपन," मी म्हटलं. "चुकले. आता फुलाचे पाडा. पानी मडाव्याच्या झाडाईले, आन् पुढच्या सालापासून त्या झाडाईची फुलं सगळ्या गावाची. जाळं कोनाचंबी असो, मासोळी तं सगळ्याईचीच असते ना?"

चैतरामचा चेहरा दगडासारखा झाला.

"त्या झाडाईखाली माहे मानसं गाडले हायेत," ते म्हणाले. "माहा आजा हाये, बाप हाये. तिथं गाव टोपल्या घेऊन येईन?"

तरी रायवंताबाईंनी घरं पुकारायला सुरुवात केली. एकेका घराने 'मंजूर' म्हटलं, काहींनी रडत म्हटलं, आणि शेवटी दोनच घरं उरली. चैतराम गप्प. मामाजी गप्प. रायवंताबाईंनी दोघांकडे पाहिलं.

"ऊन उतरल्यावर पुन्हा बसू," त्या म्हणाल्या. "तवरिक दोघंबी थंड पानी प्या."

घरी मामाजी जेवले नाहीत. दुपार कलू लागली तसे ते उठले आणि सकाळपासून पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "डबी घे एक."

मला वाटलं उतारावर जायचं. ते नाल्याच्या वाटेला लागले. मडावींच्या सगळ्यांत थोरल्या मोहापाशी जाऊन थांबले आणि मला म्हणाले, "बांध याले."

मी पट्टा आवळला आणि त्यांच्या हातात फोन दिला. ते बराच वेळ ऐकत उभे राहिले.

"हाबी तसाच बोंबलते," ते म्हणाले.

खोडाच्या पलीकडे पाचोळा वाजला. चैतराम तिकडच्या बाजूला बसले होते. सभा सुटल्यापासून तिथेच असावेत. ते कष्टाने उठून पुढे आले. त्यांनी आजवर कानोसा ऐकलाच नव्हता. झाडांना डब्या बांधू दिल्या, पण आपल्या मानसाईची झाडं मशिनीतून बोलत नसतात, असं म्हणून फोन कधी कानाला लावला नव्हता. मामाजींनी फोन त्यांच्यापुढे धरला.

चैतरामनी तो घेतला. ऐकता ऐकता त्यांनी दुसरा हात खोडावर ठेवला.

"हे कवापासून?" त्यांनी मला विचारलं.

"पालवी फुटली तेव्हापासून, काका."

"हिरवा तं दिसते."

"माह्येबी हिरवे दिसते, मडावी," मामाजी म्हणाले. माझ्या लग्नाच्या वर्षानंतर पहिल्यांदाच ते त्यांच्याशी बोलत होते. "पाचई गेले. मी रोज ऐकत होतो. तुह्यावाला अजून हाये."

चैतराम खाली बसले. थोड्या वेळाने मामाजीही बसले. मग चैतरामनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि आधी मामाजींपुढे केली. मामाजी प्यायले. मी तिथून निघाले, कारण माझं तिथे काही काम नव्हतं.

संध्याकाळी सभेत चैतराम स्वतःच उभे राहिले. "झाडं माह्या मानसाईचे हायेत, ते त्याईचेच राहीन," ते म्हणाले. "फुलं गावाची. मंजूर."

सगळ्यांनी मामाजींकडे पाहिलं.

"माहं एक मांगनं हाये," मामाजी म्हणाले. "माह्या एका झाडाले ते डबी राहू द्या. पानी नोको. मरनाऱ्यापाशी कोनी तरी बसाव लागते."

सगळ्या डब्या नाल्यावर लागणार होत्या, शर्वरीने तसा आराखडाच केला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मामाजींकडे. "राहू दे, काका," ती म्हणाली.

"मंग मंजूर," मामाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सगळं पाणी नाल्याकाठी जाऊ लागलं. मामाजी रोज उतारावर त्या एका मोहापाशी जाऊन बसायचे आणि मी त्यांच्याशेजारी. आमच्यात बोलणं फारसं झालं नाही, पण तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी बसायला पोतं आणलं होतं. मी इतकी रडले की त्यांना फोनमधलं काही ऐकू आलं नाही. त्यांनी मला गप्पही केलं नाही.

आवाज विरळ होत गेला आणि एके दिवशी थांबला.

"पानी भेटलं तरी थांबते आन् समदं तुटलं तरी थांबते, नाही काय?" त्यांनी विचारलं.

"हो, मामाजी."

त्यांनी उठून स्वतःच्या हाताने पट्टा सोडला. खोडावर पट्ट्याची खूण पडली होती, तिच्यावरून अंगठा फिरवला. मग डबी माझ्या हातात दिली. "नाल्यावर लाव," ते म्हणाले.

मेच्या अखेरीस शर्वरीने नकाशा उघडून दाखवला. थोरल्या मोहांभोवती हिरवी रिंगणं पडली होती आणि ती दर आठवड्याला पसरत होती. आम्ही ज्यांना थेंबही दिला नव्हता ते तेंदू आणि येन गप्प होऊन पाणी पीत होते. अकरातले दोन मोह गेले, नऊ तगले. शेजारच्या रानातून वणवा आमच्या हद्दीवर आला, तेव्हा ढिवरपुऱ्यातली एकूण एक माणसं पाल्याच्या डहाळ्या घेऊन धावली. कोणाच्या झाडाकडे वणवा चाललाय हे कोणी विचारलं नाही. नाल्याकाठच्या मोहांची फुलं आता सगळ्यांची होती.

पावसाळा उशिरा आला, पण आला. उतारावर आम्ही सलग चर खणले आणि तगलेल्या मोहांच्या बिया लावल्या. मामाजी रोपांना नावं देतात, तीही आमच्या पिढीतल्या पोरींसारखी. आता आजूबाजूची गावं आपले पाणके शोधायला शर्वरीला बोलावतात, आणि ती मला बरोबर नेते. प्रत्येक गावात मी आधी हेच सांगते, की डबी बांधण्याच्या आधी फुलांचं काय करायचं ते ठरवा.

पुढच्या चैत्रात मोह फुलला. उजाडताना आम्ही टोपल्या घेऊन नाल्यावर पोचलो तेव्हा खाली फुलांचा सडा पडला होता, आणि सगळं गाव त्याच्या कडेला उभं होतं. कोणाचं पाऊल पुढे पडेना. ठराव झाला होता, मंजूर सगळ्यांनी म्हटलं होतं, पण दुसऱ्याच्या मोहाखाली वाकायची आमच्या पाठींना सवय नव्हती. चैतराम झाडांखालच्या आपल्या माणसांना हात जोडून मागे वळले आणि म्हणाले, "उभे कायले? उन्हानं सुकतीन."

मग बाया वाकल्या. ऊन चढेपर्यंत वेचणी झाली आणि सगळी फुलं एका मोठ्या ताडपत्रीवर ओतली. वाटे कोण पाडणार यावर चुळबुळ सुरू झाली. आम्हा ढिवरांत रीत अशी, की जो वाटे पाडतो त्याने आपला वाटा सगळ्यांच्या शेवटी उचलायचा. त्यामुळे वाटे पाडायला सहसा कोणी आपणहून बसत नाही. चैतराम ताडपत्रीवर जाऊन बसले.

"मडावी, पाडते त्याले आखरी उचलाव लागते," मामाजी म्हणाले. "मालूम हाये ना?"

"मालूम हाये."

दोन्ही हातांच्या ओंजळीने ते एकेक ढीग लावत गेले. घरं मोजून, ज्यांचं कोणी आलं नव्हतं त्यांचेही. एकेकाने येऊन आपला वाटा टोपलीत भरला. मामाजींनी भरला. शेवटी ताडपत्रीवर एकच ढीग राहिला आणि चैतरामनी टोपली जवळ ओढली.

"थांब," मामाजी म्हणाले. ते त्या ढिगाकडे पाहत होते. "हा कमी हाये."

"असू दे. बराबर हाये."

मामाजी ताडपत्रीवर उकिडवे बसले. आपल्या टोपलीतून दोन ओंजळी फुलं काढून त्यांनी त्या ढिगावर घातली, जरा मागे सरून पाहिलं, आणि आणखी एक मूठ घातली.

"आता बराबर झाला," ते म्हणाले. "उचल."